एका उपनगराचा कौल

पार्लमेंटरी राज्यपद्धतींतील एक नियम इतका साधा आहे कीं, त्याकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. राज्याचा कारभार ज्याच्या हातीं यावयाचा, तो आधीं कोठल्या तरी एका ठिकाणचा प्रतिनिधि असावा लागतो. सबंध राज्यांत त्याच्या नांवाचा कितीहि गाजावाजा होवो, त्याच्या पक्षाच्या पदरांत कितीहि जागा पडोत. एखाद्या मतदारसंघांतील कांहीं हजार स्त्रीपुरुषांनीं 'हा आमचा माणूस' म्हणून त्याला पत्करल्यावांचून सभागृहाचें दार त्याला उघडत नाहीं. बहुतेक पुढाऱ्यांना हा नियम जाचत नाहीं, कारण एखादी निर्धास्त जागा ते आपल्यासाठीं धरून ठेवतात. परंतु ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड राज्यांत २०१२ आणि २०१५ या दोन सालच्या निवडणुकांत असा योग आला कीं, मुख्य मंत्र्याचें भवितव्य राजधानीच्या एका उपनगराच्या हातीं गेलें. त्या उपनगराचें व त्या मतदारसंघाचें नांव अ‍ॅशग्रोव्ह.

ब्रिस्बेन ही क्वीन्सलंडची राजधानी. शहराच्या मध्यापासून वायव्येस सुमारें चार किलोमीटरांवर अ‍ॅशग्रोव्ह लागतें. एनॉगरा नांवाचा ओढा या भागांतून वाहतो. खांबांवर उचललेलीं लांकडी घरें, त्यांचीं पत्र्याचीं उतरतीं छपरें आणि पुढें रुंद व्हरांडे, असें तेथील जुन्या वस्तीचें रूप आहे. पश्चिमेस आणखी पुढें गेलें कीं 'द गॅप' ही वस्ती येते व तेथून डोंगराची रांग सुरू होते. ब्रिस्बेनला पाणी पुरविण्यासाठीं १८६६ सालीं बांधलेलें एनॉगराचें धरण याच बाजूला आहे. १९६९ सालीं शहरांतील ट्रामगाड्या बंद झाल्या. त्यापूर्वीं अ‍ॅशग्रोव्हची वस्ती ट्रामच्या आधारानेंच वाढली. सकाळीं शहरांत कामाला जावें, संध्याकाळीं घरीं परतावें, आणि मुलांच्या शाळा, रस्त्यांवरील गर्दी व पावसाळ्यांतील ओढ्याचें पाणी यांची काळजी वाहावी, अशा मध्यमवर्गीय कुटुंबांचा हा मुलूख आहे.

ऑस्ट्रेलियांत घटक राज्याच्या विधिमंडळालाहि पार्लमेंट असेंच म्हणतात. क्वीन्सलंडच्या पार्लमेंटचें वैशिष्ट्य असें कीं, तेथें वरिष्ठ सभागृह नाहीं. पूर्वीं तें होतें. त्याचे सभासद नेमलेले असत, आणि १९२२ सालीं तें रद्द करण्यांत आलें. तेव्हांपासून एकच सभा उरली. १९८६ पासून २०१७ पर्यंत तिच्यांत ८९ सभासद असत. पुढें ही संख्या ९३ झाली. प्रत्येक सभासद एकेका मतदारसंघाचा, आणि २०१५ सालच्या सुमारास एका मतदारसंघांत सरासरी ३३ हजारांच्या आसपास मतदार होते. वरिष्ठ सभागृहच नसल्यामुळें, निवडणुकींत पडलेल्या पुढाऱ्याला दुसऱ्या दारानें आंत येण्याची सोय तेथें नाहीं. पुढील हकीकत समजण्यासाठीं एवढी गोष्ट ध्यानांत ठेवावी.

अ‍ॅशग्रोव्हच्या मतदारसंघासाठीं पहिली निवडणूक १९६० सालीं झाली. पहिले प्रतिनिधि डग्लस टूथ हे लिबरल पक्षाचे. १९६४ पासून १९७४ पर्यंत ते राज्याचे आरोग्यमंत्री होते. त्यांच्यामागून त्याच पक्षाचे जॉन ग्रीनवुड आले. १९८३ सालीं लिबरल व नॅशनल या पक्षांची युति मोडली, आणि त्या पडझडींत मजूर पक्षाच्या टॉम व्हीव्हर्स यांनीं ही जागा घेतली. जुन्या क्रिकेटभक्तांना हें नांव परकें वाटणार नाहीं. १९६४ सालीं मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर भारतानें ऑस्ट्रेलियाला ज्या कसोटी सामन्यांत अवघ्या दोन गडी राखून हरविलें, त्यांत ऑस्ट्रेलियाच्या बाजूनें खेळलेले फिरकी गोलंदाज व्हीव्हर्स ते हेच. १९८६ सालीं जागा पुन्हां लिबरल पक्षाकडे गेली. १९८९ सालीं ग्रीक कुळांतील जिम फोरास यांनीं ती मजूर पक्षासाठीं परत मिळविली व सतरा वर्षें सांभाळली. त्यांपैकीं १९९० ते १९९६ या काळांत ते सभेचे अध्यक्ष होते. २००६ सालीं ते निवृत्त झाले आणि त्यांच्याच पक्षाच्या केट जोन्स या तरुण बाई निवडून आल्या. ही जागा कोणत्याहि पक्षाचें वतन नव्हती, एवढें या यादीवरून दिसून येतें.

या उपनगरांतील मताला आज जें मोल आहे, तें नेहमींच होतें असें नाहीं. १९४९ सालीं त्या वेळच्या मजूर पक्षाच्या सरकारनें कायदा करून राज्याचे चार विभाग पाडले. त्या वांटणींत राजधानींतील एकेका मतदारसंघांत पश्चिमेकडील विरळ वस्तीच्या मतदारसंघाच्या दुपटीहून अधिक मतदार घालण्यांत आले. म्हणजे ब्रिस्बेनच्या दोन माणसांचें मत आणि दूरच्या माळरानावरील एका माणसाचें मत, हीं तराजूंत सारखीं उतरूं लागलीं. अफाट पसरलेल्या मुलखांतील लोकांना प्रतिनिधि फार लांबचा वाटूं नये, हें या वांटणीचें समर्थन. त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु सोयीची व्यवस्था हातीं आली म्हणजे ती कोणालाच सोडवत नाहीं. पुढें सत्ता दुसऱ्या बाजूकडे गेली, तेव्हां तिनेंहि विभागांची ही पद्धति या ना त्या रूपानें चालू ठेवली. कंट्री पक्ष, ज्याला पुढें नॅशनल पक्ष हें नांव मिळालें, त्याचे पुढारी जो ब्येल्के-पीटरसन हे १९६८ पासून १९८७ पर्यंत मुख्य मंत्री होते, आणि त्यांच्या सत्तेला या वांटणीचा मोठा आधार होता.

ही घडी मोडली ती एका चौकशीमुळें. पोलीसखात्यांतील व राज्यकर्त्यांतील लांचलुचपतीचा शोध घेणाऱ्या फिट्झजेराल्ड आयोगाचा अहवाल १९८९ सालीं प्रसिद्ध झाला, आणि निवडणुकीच्या पद्धतीचा फेरविचार स्वतंत्र आयोगाकडे सोंपवावा अशी शिफारस त्यांत होती. त्याच सालीं मजूर पक्ष अधिकारावर आला व १९९२ सालची निवडणूक नव्या वांटणीनुसार झाली. तेव्हांपासून मतदारसंघांतील मतदारसंख्या सरासरीपेक्षां शेंकडा दहांहून अधिक कमीजास्त असूं नये असा दंडक आहे. एक लक्ष चौरस किलोमीटरांहून मोठ्या मतदारसंघांना तेवढी कांहीं सवलत ठेवलेली आहे. अशा रीतीनें अ‍ॅशग्रोव्हमधील माणसाचें मत खऱ्या अर्थानें पूर्ण एक मत झालें.

मत देण्याची तेथील रीतहि थोडी निराळी आहे. मतदार नुसती खूण करीत नाहीं. उमेदवारांना तो एक, दोन, तीन असे पसंतीचे आंकडे देतो. कोणालाहि निम्म्याहून अधिक पहिलीं मतें न मिळाल्यास सर्वांत मागें राहिलेल्या उमेदवाराला गळून त्याचीं मतें त्या मतदारांच्या पुढील पसंतीप्रमाणें वांटतात. १९९२ पासून २०१६ पर्यंत पुढील आंकडे लिहिणें ऐच्छिक होतें. २०१६ सालीं तें पुन्हां आवश्यक ठरलें. शिवाय मतदान सक्तीचें आहे. ब्रिटिश साम्राज्यांत ही सक्ति प्रथम क्वीन्सलंडनेंच केली व १९१५ सालच्या निवडणुकींत ती अमलांत आली. मजूर पक्षाच्या संघटना आपले मतदार केंद्रावर आणतात आणि आपल्या बाजूचे लोक मात्र घरीं बसून राहतात, तेव्हां सक्ति केल्यास हा तोटा भरून निघेल, असा त्या वेळच्या लिबरल सरकारचा अंदाज होता. निकाल अगदीं उलटा लागला. सरकार तर गेलेंच. पण मुख्य मंत्री डिग्बी डेनहॅम हे स्वतःहि ब्रिस्बेनच्या बाजूच्या ऑक्सली मतदारसंघांत पडले. यानंतर शंभर वर्षें क्वीन्सलंडच्या कोणत्याहि मुख्य मंत्र्यावर असा प्रसंग आला नाहीं.

२०११ सालच्या आरंभीं मजूर पक्षाच्या अ‍ॅना ब्लाय या मुख्य मंत्री होत्या. २००९ सालची निवडणूक जिंकल्यानंतर त्यांनीं रेल्वेच्या मालवाहतुकीसारखी सरकारी मालमत्ता विकण्याचा बेत पुढें आणला, आणि लोकांचें मन त्यांच्या सरकारवरून उडालें. विरोधी लिबरल नॅशनल पक्षाला संधि दिसत होती. परंतु सभागृहांत लोकांवर छाप पाडील असा पुढारी त्याला सांपडत नव्हता. असा पुढारी होता तो सभागृहाच्या बाहेर. कॅम्बेल न्यूमन हे पूर्वीं सैन्यांत इंजिनियर होते व २००४ पासून ब्रिस्बेनचे लॉर्ड मेयर होते. त्यांच्या कारकीर्दींत नदीखालून मोटारींचा बोगदा झाला, आणि जानेवारी २०११ च्या महापुरांत शहराचे प्रमुख म्हणून ते सर्वांच्या डोळ्यांसमोर राहिले. मार्च महिन्यांत त्यांनीं जाहीर केलें कीं, आपण अ‍ॅशग्रोव्हमधून उमेदवारी करणार व निवडणुकींत पक्षाचें नेतृत्वहि करणार. सभागृहांतील पक्षनेते जॉन-पॉल लँगब्रूक बाजूला झाले. सभागृहांतील विरोधी पक्षनेत्याच्या जागीं जेफ सीनी यांना बसविण्यांत आलें; खरा पुढारी मात्र वर्षभर राज्यांतून हिंडत राहिला. सभासद नसलेल्या माणसाच्या हातीं पक्षानें आपलीं सारीं सूत्रें द्यावीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी म्हणावी लागेल.

या बेताचें यश एका उपनगरावर अवलंबून होतें, आणि तें उपनगर विरोधकांच्या ताब्यांत होतें. २००९ सालीं पसंतीचीं मतें जमेस धरून जोन्सबाईंना तेथें सुमारें ५७ टक्के मतें मिळालीं होतीं. त्या वेळीं त्या मंत्रिमंडळांत पर्यावरण खात्याच्या मंत्री होत्या. जून २०११ मध्यें त्यांनीं मंत्रिपद सोडलें व आपला सगळा वेळ मतदारसंघाला दिला. मतदारांपुढें मग चमत्कारिक पेंच उभा राहिला. एरव्हीं राज्यांत कोणाचें सरकार यावें आणि आपला प्रतिनिधि कोण असावा, या दोन प्रश्नांचें उत्तर माणूस एकाच चिठ्ठीनें देऊन मोकळा होतो. येथें तीं दोन उत्तरें एकमेकांविरुद्ध जाऊं शकत होतीं. ज्याला सरकार बदलावयाचें आहे पण जोन्सबाईंचें काम आवडतें, त्यानें काय करावें? राज्याचा मुख्य मंत्रीच आपल्या भागाचा प्रतिनिधि झाला तर भागाची पत वाढेल खरी. परंतु सबंध राज्याच्या कामांत बुडालेल्या माणसाला शाळेजवळच्या चौकाकडे पाहण्यास सवड मिळेल का? घरोघर हाच वाद होता.

२४ मार्च २०१२ रोजीं मतदान झालें. राज्यभर लाटच उसळली होती. लिबरल नॅशनल पक्षाला ८९ पैकीं ७८ जागा मिळाल्या आणि मजूर पक्षाचे अवघे ७ उमेदवार निवडून आले. अ‍ॅशग्रोव्हमध्यें पसंतीच्या मतांसह न्यूमन यांना सुमारें ५६ टक्के मतें पडलीं, आणि सभागृहांत त्यांनीं पहिलें पाऊल टाकलें तें मुख्य मंत्री म्हणूनच.

एवढें बहुमत आणि वर वरिष्ठ सभागृह नाहीं. अशा स्थितींत सरकारला अडविणारें कोणी उरत नाहीं. राज्यावरील कर्जाचा भार हलका करणें हें सरकारनें आपलें पहिलें कर्तव्य मानलें. त्यासाठीं सरकारी नोकरींतील सुमारें १४ हजार जागा कमी करण्यांत आल्या. मोटारसायकलस्वारांच्या गुन्हेगार टोळ्यांविरुद्ध २०१३ सालीं अत्यंत कडक कायदे झाले. सरकारी रुग्णालयांतील डॉक्टरांशीं नोकरीच्या करारांवरून तंटा झाला, आणि न्यायालयीन नेमणुकीवरून वकीलवर्गांत नाराजी पसरली. हिशेब नीट लावावयाचा तर कटु औषध द्यावेंच लागतें, असें सरकारच्या चाहत्यांचें म्हणणें होतें. औषधाची मात्रा रोग्याला विचारून ठरविलेली नाहीं, अशी विरोधकांची तक्रार होती. राजधानींत सरकारी नोकर, डॉक्टर व वकील यांची वस्ती दाट असते. त्यामुळें या सर्व तंट्यांची झळ प्रथम उपनगरांना लागली. जुलै २०१४ मध्यें ब्रिस्बेनच्याच स्टॅफर्ड या भागांतील पोटनिवडणूक सरकार पक्षानें मोठ्या फरकानें गमावली. त्यानंतर सरकारनें वीज व बंदरें यांसारखी मालमत्ता दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें देण्याची योजना निवडणुकीपुढें ठेवली. मालमत्ता विकण्याच्या ज्या प्रश्नावर ब्लायबाईंचें सरकार बुडालें होतें, त्याच पाण्यांत त्यांना हरविणारे उतरले.

६ जानेवारी २०१५ रोजीं निवडणूक जाहीर झाली आणि ३१ जानेवारी ही मतदानाची तारीख ठरली. तिकडे तो भर उन्हाळा व शाळांच्या सुट्टीचा काळ. अ‍ॅशग्रोव्हमध्यें जोन्सबाई पुन्हां उभ्या राहिल्या. राज्यांत सरकार पक्ष कदाचित् टिकेल, परंतु मुख्य मंत्री आपली जागा गमावतील, असे अंदाज मतदानापूर्वींच बांधले जात होते. तसें झालें तर राज्याचा मुख्य मंत्री कोण, हा प्रश्न सर्व प्रचारभर सरकार पक्षाचा पिच्छा पुरवीत राहिला.

निकालानें या प्रश्नाची गरजच ठेविली नाहीं. मजूर पक्ष ७ वरून ४४ जागांवर आला व लिबरल नॅशनल पक्ष ४२ वर उतरला. अ‍ॅशग्रोव्ह जोन्सबाईंनीं परत घेतलें. मतमोजणीच्या रात्रींच न्यूमन यांनीं आपला पराभव मान्य केला व राजकारणांतून निवृत्त होत असल्याचें सांगितलें. बहुमताला ४५ जागा लागत होत्या. पीटर वेलिंग्टन या स्वतंत्र सभासदानें पाठिंबा दिल्यावर १४ फेब्रुवारी रोजीं मजूर पक्षाच्या अ‍ॅनास्टेशिया पॅलाशे यांचें सरकार अधिकारावर आलें. जोन्सबाई शिक्षणमंत्री झाल्या. डेनहॅम यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं क्वीन्सलंडचा दुसरा मुख्य मंत्री आपल्याच मतदारसंघांत पडला होता.

तीस-पस्तीस हजार लोकांनीं सबंध राज्याच्या प्रमुखाला घरीं पाठवावें, हें न्यायाचें आहे काय? शंका रास्त आहे. बाकीच्या ८८ मतदारसंघांतील लोकांना मुख्य मंत्र्याच्या नांवापुढें आंकडा लिहिण्याचा अधिकार नव्हता. तो एका भागालाच होता. आपल्याकडे या बाबतींत थोडा सैलपणा ठेवलेला आहे. राज्यघटनेच्या १६४ व्या कलमाप्रमाणें विधिमंडळाचा सभासद नसलेला मनुष्य सहा महिनेपर्यंत मंत्री राहूं शकतो. १९५२ सालच्या निवडणुकींत मोरारजी देसाई बलसाडच्या बाजूला थोडक्या मतांनीं पडले; तरीहि ते मुंबई राज्याचे मुख्य मंत्री झाले व मागाहून पोटनिवडणुकींत निवडून आले. ज्या राज्यांत विधान परिषद आहे, तेथें तर ती वाट खुलीच असते. २०१९ सालीं महाराष्ट्राचे मुख्य मंत्री झालेले उद्धव ठाकरे २०२० सालीं परिषदेवर निवडून आले. सबंध राज्याला हव्या असलेल्या माणसाला एका ठिकाणच्या पराभवामुळें मुकावें लागूं नये, हा या सवलतींचा हेतु आहे, आणि तो टाकाऊ म्हणतां येणार नाहीं.

तथापि दुसरी बाजूहि विचारांत घ्यावी. अ‍ॅशग्रोव्हनें सरकार पाडलें नाहीं. तें राज्यभरच्या मतदारसंघांनीं पाडलें. अ‍ॅशग्रोव्हनें केलें तें एवढेंच कीं, सर्वांत मोठ्या अधिकाऱ्यालाहि सामान्य उमेदवाराच्याच मापानें मोजलें. ज्या निर्णयांनीं १४ हजार जागा गेल्या, ते निर्णय घेणाऱ्याला त्या निर्णयांची झळ बसलेल्या घरांच्या दारांवर जाऊन मत मागावें लागलें. वरिष्ठ सभागृह नाहीं, विरोधी बांकांवर मूठभर माणसें आहेत, अशा राज्यांत अधिकाराला लगाम घालणारी जी थोडीं साधनें उरतात, त्यांत हें एक मोठें साधन आहे. निर्धास्त जागा धरून बसलेल्या पुढाऱ्याला असा हिशेब द्यावा लागत नाहीं. न्यूमन यांनीं विरोधकांच्या ताब्यांतील जागा निवडली, हें त्यांचें धाडस. तिचा कौल दोन्ही वेळां त्यांनीं निमूटपणें मान्य केला, हें त्यांच्या पदरीं घातलेंच पाहिजे.

अ‍ॅशग्रोव्ह हा मतदारसंघ आज त्या नांवानें उरलेला नाहीं. २०१७ सालच्या निवडणुकीपासून नवी आंखणी अमलांत आली आणि त्याच्या बहुतेक भागाला कूपर हें नांव मिळालें. क्वीन्सलंडमधील पहिल्या महिला डॉक्टर लिलियन कूपर यांच्या स्मरणार्थ तें ठेवलेलें आहे. २०१७ सालीं तेथून जोन्सबाईच निवडून आल्या. २०२० सालीं त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्याच पक्षाच्या जाँटी बुश यांना लोकांनीं पाठविलें. लोकसंख्या हलते तशा मतदारसंघांच्या सीमा हलवाव्याच लागतात. नाहीं तर मतांचें मोल पुन्हां १९४९ सारखें विषम होऊन बसेल. ओढा, टेकड्या आणि लांकडी घरें मात्र जागच्या जागीं आहेत, आणि त्या घरांतून राहणारीं माणसें ठरल्या दिवशीं जवळच्या शाळेंतील केंद्रावर जाऊन उमेदवारांच्या नांवापुढें आंकडे लिहीत असतात. त्या उमेदवारांत एखादे दिवशीं राज्याचा मुख्य मंत्री असला, तरी त्यालाहि त्याच यादींत आपल्या क्रमाची वाट पाहावी लागते.